सौद्याचा दिवस आणि दस्ताचा दिवस : गोंदिया जिल्ह्यातील घरविक्रीच्या हंगामाविषयी

घर वर्षाच्या कोणत्या काळात विकावे, हा प्रश्न निव्वळ व्यवहाराचा मानून इतिहासाच्या अभ्यासकांनी तो सहसा बाजूला ठेवलेला आहे. पिकांचा हंगाम, लग्नांचा हंगाम, स्थलांतराचा हंगाम ह्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. घरविक्रीलाही हंगाम असतो, हे मात्र दलाल आणि दस्तलेखक जाणतात, ग्रंथकार जाणत नाहीत. भाषेची साक्षही अशीच आहे. मराठीत 'लग्नसराई' हा शब्द आहे, 'सुगी' आहे, गोंदियाकडे 'तेंदूपत्त्याचा हंगाम' सर्वांच्या तोंडी आहे. घरांच्या खरेदी-विक्रीच्या काळाला असा एकही रूढ शब्द नाही. शब्द नाही म्हणून वस्तू नाही, असे अनुमान मात्र करता येत नाही. प्रस्तुत लेखात गोंदिया जिल्ह्यापुरता ह्या हंगामाचा शोध घ्यावयाचा आहे. आणि तो घेताना साधनांविषयीची एक अडचण प्रथमच सांगणे अवश्य आहे, कारण ह्या विषयावर काम करू इच्छिणारा विद्यार्थी पहिल्याच पावलाला तिच्यावर अडखळेल.

ही अडचण म्हणजे दस्ताची तारीख. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील नोंदी महिनावार मोजल्या म्हणजे घरे केव्हा विकली जातात ते कळेल, असे सकृद्दर्शनी वाटते. वस्तुतः त्यावरून फक्त दस्त केव्हा नोंदले जातात एवढेच कळते. 1908 च्या नोंदणी अधिनियमाच्या 23 व्या कलमाप्रमाणे दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी हजर करता येतो. आणि 47 व्या कलमाप्रमाणे तो नोंदला गेल्यावर नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर करून दिल्याच्या दिवसापासून अंमलात येतो. म्हणजे कायद्यानेच दोन तारखा मानलेल्या आहेत. तोंडी ठराव आणि इसार ह्यांची तिसरी तारीख त्यांच्याही आधीची, आणि प्रत्यक्ष ताबा देण्याची चौथी बहुधा सर्वांनंतरची. मार्च महिन्यात नोंदलेल्या विक्रीपत्राचा सौदा दिवाळीनंतरच्या मंडईत, नाटकाच्या मांडवाबाहेर ठरलेला असू शकतो. झाडीपट्टीत मंडईला पाहुणेरावळे जमतात, सोयरिकी निघतात, आणि सोयरिकीबरोबर पैशाची गरजही निघते, हे तिकडच्या कोणालाही सांगावे लागत नाही.

ह्याहून मोठी उणीव निराळीच आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या 54 व्या कलमाने शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच झाली पाहिजे असे ठरविले. त्याखालच्या किमतीच्या मालमत्तेला ताबा देणे पुरेसे होते. हा कायदा मुंबई इलाख्याला आरंभी लागू नव्हता. मध्यप्रांताला, आणि म्हणून त्या वेळच्या भंडारा जिल्ह्याला, तो पहिल्यापासून लागू होता. त्या काळी खेड्यातील मातीच्या भिंतींच्या आणि कवेलूच्या छपराच्या घराची किंमत शंभर रुपयांवर क्वचितच गेली असेल. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या पूर्वार्धात ह्या भागातील ग्रामीण घरांचे जे हस्तांतर झाले, त्यातील मोठा भाग कागदावर उमटलाच नाही असे मानण्यास आधार आहे. नोंदवहीतील शांतता म्हणजे गावातील शांतता नव्हे.

येथे मालगुजारी पद्धतीचा विचार ओघानेच येतो. आजचा गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून निराळा झाला. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत तो सारा प्रदेश जुन्या मध्यप्रांताचा आणि नंतरच्या मध्यप्रदेशाचा भाग होता. रयतवारी मुलखातील शेतकऱ्याला ज्याला आपण 'गावठाण' म्हणतो त्याला इकडे आजही 'आबादी' म्हणतात, आणि हा केवळ शब्दाचा फरक नाही. आबादीची जमीन मालगुजाराच्या मालकीची असे; कुळाला आणि गावच्या कारागिराला तीत घरासाठी बिनभाड्याची जागा मिळण्याचा हक्क होता. हक्क राहण्याचा होता, जागा विकण्याचा मोकळा हक्क नव्हता. कोणत्या गावी काय चालत असे, हे बंदोबस्ताच्या वेळी तयार होणाऱ्या 'वाजिब-उल-अर्ज' ह्या ग्रामरूढींच्या लेखात पाहावे लागते. विद्यार्थ्यांनी हे लेख केवळ तलाव आणि निस्तार ह्यांसाठीच वाचू नयेत, त्यांत घराच्या जागेविषयीही पुष्कळ मिळते. गाव सोडून जाणाऱ्याजवळ विकण्यासारखे जे उरे ते मुख्यतः घराचे सामान, म्हणजे सागाचे खांब, आडे, फाटे, दारे, कवेलू. आणि असे घर मोडून नेणे कोरड्या दिवसांतच शक्य असते. ह्या दृष्टीने पाहता खेड्यातील घराचा पहिला 'हंगाम' हा किमतीने नव्हे, पावसाने ठरविलेला दिसतो. मध्यप्रदेश सरकारच्या 1950 च्या कायद्याने 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली, आणि त्यानंतर खेड्यातील घर ही हळूहळू इतर मालमत्तेसारखी मालमत्ता झाली.

गोंदिया शहराची गोष्ट वेगळी. हे गाव रेल्वेने वाढविले. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-राजनांदगाव मार्ग रुंद मापाचा केला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडे जाणारा अरुंद मापाचा फाटा येथून निघाल्यावर गोंदिया जंक्शन झाले. धानाच्या गिरण्या, तेंदूपत्ता, बिडी, लाख ह्यांच्या व्यापाऱ्यांना वखारी लागल्या आणि वखारीमागे घरे लागली. (गावाचे नाव 'गोंड'वरून की 'गोंद' म्हणजे डिंकावरून, हा वाद करणाऱ्यांनी अनुस्वारापुढील 'ड' आणि 'द' ह्यांचा हिशेब आधी द्यावा, एवढेच येथे म्हणतो.) घरांचा खराखुरा बाजार ह्या जिल्ह्यात प्रथम ह्या शहरात, आणि मागाहून तिरोडा, आमगाव ह्या रेल्वेवरच्या गावांत उभा राहिला. त्या बाजाराला मात्र हंगाम पुरविला तो शेतानेच.

धानाचे वर्ष सर्वपरिचित आहे, तरी पैशाच्या अंगाने ते पुन्हा पाहिले पाहिजे. मृगात पऱ्हे टाकावयाचे, आषाढ-श्रावणात रोवणा, हलके धान दसऱ्याच्या सुमारास, भारी धान मार्गशीर्षापर्यंत. मग कापणी, बांधणी, चुरणी. ज्येष्ठापासून अश्विनापर्यंत पैसा घरातून बांधीत जातो, आणि कार्तिकापासून माघापर्यंत तो बांधीतून घरात येतो. हा 'येतो' अलीकडे जरा लांबला आहे. आधारभूत किमतीने धान घेणारी केंद्रे, मग ती पणन महासंघाची असोत की आदिवासी विकास महामंडळाची, धान घेतात एका दिवशी आणि त्याचे चुकारे देतात दुसऱ्या. मधल्या आठवड्यांत कोणीही घराचा इसार देत नाही. ज्या गावांत इटियाडोह धरणाच्या किंवा जुन्या मामा तलावांच्या पाण्यावर उन्हाळी धान होते, तेथे वैशाख-ज्येष्ठात पैशाची दुसरी, लहान भरती येते. जंगलकाठच्या गावांत एप्रिल-मे हे तेंदूपत्ता तोडणीचे महिने. ती मिळकत घर घेण्याइतकी क्वचितच असते, पण घर विकण्याची पाळी टाळण्याइतकी पुष्कळदा असते. ह्या दुसऱ्या परिणामाकडे अर्थशास्त्रज्ञांनी लक्ष द्यावे.

तेव्हा ग्राहकाजवळ पैसा असण्याचा काळ साधारणपणे पौषापासून वैशाखापर्यंतचा ठरतो. घर पाहण्याचा चांगला काळ मात्र नेमका ह्याच्या उलट आहे. कवेलूचे छप्पर दर उन्हाळ्यात फेरावे लागते; मातीची भिंत कोठे फुगते, अंगणातील पाणी कोणीकडे उतरते, ओल किती हात चढते, हे श्रावणातच कळते. सिमेंटच्या घरालाही हे थोड्याफार फरकाने लागू आहे. स्लॅबची गळती माघात दिसत नाही. विकणाऱ्याच्या सोयीचा महिना आणि घेणाऱ्याच्या माहितीचा महिना ह्यांत अर्ध्या वर्षाचे अंतर आहे, आणि भिंतींना दिवाळीत चुना लागलेला असतो. जाणता गिऱ्हाईक पावसाळ्यात घरावरून दोनदा चक्कर मारतो व फाल्गुनात भाव करतो. विकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर छप्पर फेरण्याचा खर्च कोणी करावा ह्यावरच वैशाखातील घासाघीस अडते.

पंचांगाने ह्या हंगामाला आपला शिक्का दिला. गृहप्रवेशाला माघ, फाल्गुन, वैशाख, ज्येष्ठ हे महिने उत्तम मानतात. चातुर्मास, पितृपक्ष आणि अधिक मास टाळतात. हे चार महिने धानाचा पैसा हाती असण्याच्या काळाशी किती जुळतात हे निराळे सांगावयास नको. शास्त्राने शेतकऱ्याची सोय पाहिली की शेतकऱ्याने आपली सोय शास्त्रात पाहिली, हा प्रश्न सोडवण्याचे साधन आपल्याजवळ नाही. एवढे मात्र म्हणता येते की हे नियम राहावयास जाणाऱ्याचे, म्हणजे घेणाऱ्याचे आहेत. घर सोडणाऱ्याच्या दिवसाविषयी आपल्या लौकिक पंचांगात जवळजवळ काही नाही.

जुन्या मुहूर्तग्रंथांत ते अगदीच नाही असे नाही. राम दैवज्ञाने शके 1522 मध्ये, म्हणजे इ. स. 1600 च्या सुमारास, काशीत 'मुहूर्तचिंतामणि' रचला. ह्या घराण्याचे मूळ विदर्भात सांगतात. त्यात क्रयाची नक्षत्रे आणि विक्रयाची नक्षत्रे वेगळी दिली आहेत. क्रयाला रेवती, शततारका, अश्विनी, स्वाती, श्रवण, चित्रा. विक्रयाला तिन्ही पूर्वा, विशाखा, कृत्तिका, आश्लेषा, भरणी. आणि क्रयाच्या नक्षत्रावर विक्रय इष्ट नाही, विक्रयाच्या नक्षत्रावर क्रयही नाही, असा स्पष्ट निषेध आहे. हा विचार मुळात व्यापारी मालाचा. घराजमिनीला तो लावणे ही पुढच्यांची ओढाताण होय. तथापि लावलाच, तर मोठा पेच उत्पन्न होतो. प्रत्येक विक्रय हा दुसऱ्या कोणाचा तरी क्रय असतो. मग दोघांनाही शुभ असा दिवस उगवणार कसा?

नक्षत्रांचा क्रम लावून पाहिला असता एक गोष्ट नजरेस येते. अश्विनीच्या पाठोपाठ भरणी येते, स्वातीच्या पाठोपाठ विशाखा, शततारकेच्या पाठोपाठ पूर्वाभाद्रपदा. म्हणजे चंद्राच्या एका फेरीत तीन वेळा क्रयाच्या नक्षत्राला लागूनच विक्रयाचे नक्षत्र आहे. घेणाऱ्याने आज इसार द्यावा आणि विकणाऱ्याने उद्या कागद करून द्यावा, अशी वाट त्यातून निघते. प्रत्यक्षात कोणी इतक्या काटेकोरपणे वागत असे असा माझा दावा नाही. हे केवळ अनुमान आहे. पण व्यवहाराचे दोन तुकडे करण्याची, आज बोलणे आणि उद्या लिहिणे अशी, जी सवय सर्वत्र दिसते, तिला शास्त्राचीही आडकाठी नव्हती, उलट सोय होती, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या प्रसंगी शब्दांकडे पाहणे उद्बोधक होईल. संस्कृतात 'क्री' धातूचा क्रय, आणि त्याला 'वि' लागून विक्रय. विकण्याचे नाव घेण्यावरून पडले. मराठीने हे उलटे केले: आपण 'विकत घेतो'. घेण्याचे नाव विकण्यावरून पडले. 'खरेदी' हा फारसी शब्द आला तेव्हा त्याने घेणाऱ्याची बाजू पुन्हा उचलून धरली, आणि पश्चिम महाराष्ट्रात विकणारा आपल्या हाताने जो कागद लिहून देतो त्याला 'खरेदीखत' हे घेणाऱ्याचे नाव मिळाले. विदर्भात त्याच कागदाला बहुधा 'विक्रीपत्र' म्हणतात. इसाराला गोंदियाकडे हिंदीच्या शेजाराने 'बयाना' म्हणतात. हा शब्द अरबी 'बै' म्हणजे विक्री ह्यापासून फारसीत घडला आहे. पूर्वेकडचे दोन्ही शब्द विकणाऱ्याच्या बाजूचे आहेत, ह्यावरून काही सिद्ध होते असे नाही, पण दस्त वाचणाऱ्याने कोणाच्या तोंडून वाचतो आहोत हे विसरू नये.

आता कचेरीचे पंचांग. साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडवा, विजयादशमी आणि बलिप्रतिपदा ह्या तिन्ही दिवशी महाराष्ट्रात सार्वजनिक सुटी असते, आणि एरवी दुय्यम निबंधकाची कचेरी बंद असते. उरते ती अक्षय्य तृतीया. लोक ह्यावर सहज तोड काढतात: पाडव्याला बयाना, आणि कचेरी उघडल्यावर कागद. हीच अक्षय्य तृतीया शेजारच्या छत्तीसगडात 'अक्ती' आणि खानदेशात 'आखाजी' ह्या नावाने कृषिवर्षाच्या उंबरठ्यावरचा दिवस मानली जाते. वर्षाच्या बोलीने घर आणि माणूस हलण्याचे असे ठरीव दिवस अन्यत्रही होते. इंग्लंडमध्ये 25 मार्च आणि 29 सप्टेंबर हे खंडाचे व भाड्याचे दिवस होते. न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकात 1 मे रोजी शहरातील भाडेकरू एकदमच घरे बदलीत. कॅनडातील क्वेबेक प्रांतात हा दिवस 1970 नंतरच्या दशकात 1 मेवरून 1 जुलैला नेण्यात आला, कारण मे महिन्यात मुलांची शाळा चालू असे. आपल्याकडे शाळा आणि घर ह्यांची अशी सांगड नोकरदारांपुरतीच पडते. 2005 च्या महाराष्ट्र शासकीय बदल्यांच्या कायद्याने सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात करावयाच्या असतात, आणि विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा, जून सरताना उघडतात. त्यामुळे गोंदियात नोकरदार विकणाऱ्यांचा हंगाम वैशाखापासून मृगापर्यंत, थोडक्या आठवड्यांचा, आणि म्हणून घाईचा असतो.

सरकारी दरपत्रकाने ह्याहून खोल फेरबदल केला. 1995 च्या नियमांनुसार मुद्रांक शुल्कासाठी वार्षिक मूल्यदर तक्ते निघू लागले. ते 1 जानेवारीपासून लागू होत. 2016 पासून ते 1 एप्रिलपासून लागू होतात. दर वाढतील ह्या धास्तीने जी गर्दी पूर्वी डिसेंबरात होई ती त्यानंतर मार्चात सरकली. भविष्यातील संशोधकाला नोंदवहीत डिसेंबराचा उंचवटा बसलेला आणि मार्चाचा उठलेला दिसेल, आणि त्याने तेवढ्यावरून धानाची कापणी पुढे गेली असे लिहिले तर आश्चर्य वाटावयास नको. 2020 साली तर हे अधिकच उघड झाले. महामारीने बसलेला बाजार उठावा म्हणून राज्य शासनाने 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 ह्या काळात विक्रीच्या दस्तावरील मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी, आणि 1 जानेवारी ते 31 मार्च 2021 ह्या काळात दोन टक्क्यांनी कमी केले. त्या वर्षी 2 सप्टेंबरपासून 17 सप्टेंबरपर्यंत पितृपक्ष होता आणि त्याला लागून अश्विन अधिक मास आला. म्हणजे सवलतीचे पहिले सहा आठवडे पंचांगाने बंद ठेवलेले. शेवटी राज्यभर गर्दी उसळली ती डिसेंबरात. पंचांग, पीक आणि कचेरी ह्यांचा असा उघड सामना क्वचितच पाहावयास मिळतो. गोंदियापुरत्या ह्या सात महिन्यांच्या नोंदी दिवसवार लावून पाहणे हा एखाद्या विद्यार्थ्याला एका वर्षात पुरा होण्यासारखा विषय आहे.

आतापर्यंतचे सारे विवेचन ज्याला थांबता येते अशा विक्रेत्याविषयी झाले. ज्याला थांबता येत नाही त्याचा हंगाम निराळा. 1896-97 आणि 1899-1900 ह्या दोन दुष्काळांनी मध्यप्रांताला झोडपले, आणि एका पावसावर अवलंबून असलेल्या धानाच्या मुलखाची त्यात काय दशा झाली असेल ते सांगावयास नको. अशा वर्षी घर विकणारे पुष्कळ आणि घेणारे ज्यांच्या कणगीत धान शिल्लक आहे तेवढेच. दुष्काळ नसलेल्या वर्षीही रोवण्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ ह्याच जातीचा असतो. दवाखाना, रोवण्याची मजुरी, सावकाराचा तगादा. भाद्रपदात विकले गेलेले घर आणि माघात विकले गेलेले घर ह्यांच्या किमतीतील अंतर हे घराचे अंतर नसते. म्हणून घरविक्रीचा उत्तम काळ सांगणारा कोणताही कोष्टक-लेख मी संशयाने वाचतो: तो थांबू शकणाऱ्यांच्या अनुभवावरून लिहिलेला असतो.

कायद्याने काही जणांना सक्तीनेच थांबविले, ही ह्याची दुसरी बाजू. 1916 च्या मध्यप्रांत भूमि-हस्तांतरण कायद्याचा हेतू आदिवासींच्या जमिनी सावकारांकडे जाऊ नयेत हा होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 36 आणि 36-अ ह्या कलमांप्रमाणे आदिवासीचा भोगवटा बिगर-आदिवासीकडे जाण्यास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, आणि विक्रीच्या बाबतीत शासनाची मान्यताही. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव ह्या तालुक्यांतील गोंड विक्रेत्याला म्हणून महिना निवडण्याचा प्रश्नच येत नाही. परवानगी ज्या महिन्यात येईल तो त्याचा महिना. ह्या संरक्षणाची आवश्यकता मी नाकारत नाही. परंतु परवानगीची वाट पाहत असताना गरज थांबत नाही, आणि मग साध्या कागदावर बयाना होतो, ताबा आधी जातो, विक्रीपत्र मागाहून होते किंवा होतच नाही. असे कागद कोणत्याही कचेरीत सापडत नाहीत. ते घरांत, ट्रंकांत, सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांबरोबर घडी घालून ठेवलेले असतात, आणि त्यांवर तारखेऐवजी पुष्कळदा सणाचे नाव असते.